सी१ शिकताना आधी आकार डोळ्यांसमोर आण

सी१ हा पूरक प्रणालीचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या साखळीचा, पहिला घटक. पहिल्याच दिवशी ही सगळी साखळी पाठ करू नकोस. आधी सी१क्यूचं, म्हणजे सी१च्या पकडणाऱ्या भागाचं, चित्र काढ: सहा देठांची जुडी, प्रत्येक देठाच्या टोकाला एक गोंडा. एकूण १८ प्रथिनसाखळ्या. या देठांमध्ये सी१आर आणि सी१एस ही विकरं प्रत्येकी दोन, कॅल्शियमच्या आधाराने बसलेली असतात. म्हणूनच ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत घेतलेल्या रक्तावर पूरक प्रणालीची क्रियाशीलता तपासता येत नाही. कॅल्शियमच बांधलं जातं.

एकच गोंडा चिकटला तर पकड फार कमजोर असते, आणि मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. जंतूवर आयजीजी या प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) रेणू दाटीने बसले, की अनेक गोंडे एकदम पकडतात. आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाचा मात्र जंतूला चिकटलेला एकच रेणू पुरतो. मोकळा फिरणारा आयजीएम सपाट असतो, त्यात सी१क्यूची जागा झाकलेली राहते. पकड बसली की सी१आर स्वतःला कापून जागं होतं, मग सी१एसला कापतं. सी१एस पुढे सी४ आणि सी२ ही साखळीतली पुढची प्रथिनं कापतं. हो, सी१नंतर सी४च. आकड्यांच्या क्रमाला फसू नकोस, इथे बहुतेक सगळे अडखळतात.

सी१ इनहिबिटर, म्हणजे सी१आर आणि सी१एसला आवर घालणारं प्रथिन, वगळू नकोस. आनुवंशिक अँजिओइडिमा (त्वचेखाली वारंवार सूज येण्याचा आजार) बहुतेकदा त्याच्याच कमतरतेतून होतो, पण तिथली सूज पूरक प्रणालीमुळे नव्हे, तर ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या झिरपू देणाऱ्या रेणूमुळे येते.