बिटकॉइन वॉलेटचा पासफ्रेज विसरलोय, फाइल आहे. काही करता येईल का?

नमस्कार. तुम्ही सातारचे, २०१७ साली थोडे बिटकॉइन घेऊन बिटकॉइन कोअर या वॉलेटच्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेत, त्याची वॉलेट डॉट डॅट फाइल शाबूत आहे, पासफ्रेज, म्हणजे तिचा लांबलचक पासवर्ड, अर्धामुर्धा आठवतो, आणि टेलिग्रामवर कुणीतरी 'फाइल आणि पाच हजार पाठवा, काढून देतो' म्हणतंय. या शेवटच्याचं आधी सांगतो: पाठवू नका. फाइल त्याच्याकडे असताना पासफ्रेज सापडला तर पैसे त्याचे झाले. तुम्हाला कळवेल, 'नाही हो सापडला.'

मी सांगलीचा. याच खड्ड्यातून वर आलोय.

पहिलं काम, पैसे खरंच आहेत का ते बघणं. पासफ्रेज कुलूप लावतो ते खाजगी किल्ल्यांना, म्हणजे पैसे खर्चायला लागणाऱ्या गुप्त आकड्यांना; पैसे ज्यांवर येतात ते पत्ते उघडेच असतात. इंटरनेट बंद ठेवून कोअरची तेव्हाचीच जुनी आवृत्ती उघडा, पैसे घेतलेले पत्ते टिपून घ्या आणि दुसऱ्या फोनवरून ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे कुठल्याही पत्त्याचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, शिल्लक बघा. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची काही शे जीबींची साखळी (ब्लॉकचेन) उतरवत बसायची गरज नाही. माझ्या एका मित्राने महिनाभर डोकं फोडलं, आणि शेवटी कळलं की पैसे त्यानेच कधीतरी विकून खाल्ले होते!

मग घरातले जुने पेनड्राइव्ह काढा. पासफ्रेज लावण्याआधीची बॅकअप प्रत सापडली तर तिला कुलूपच नसतं, तोपर्यंतच्या पत्त्यांवरचे पैसे सरळ निघतात. माझा पेनड्राइव्ह २०१९च्या पुरात गेला. आम्ही गावभागात राहतो, खालचा अख्खा मजला पाण्यात होता. लॅपटॉप तेवढा आईने माळ्यावर टाकला होता. शोधाशोध करताय तशी खरेदीची नोंद असलेला बँकेचा उताराही बाजूला काढा. २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि विक्रीच्या रकमेतून फक्त खरेदीची किंमत वजा होते.

आता कुलूप. ते मोडत नाही. एक अंदाज तपासायला यंत्राला हजारो वेळा तेच गणित करावं लागतं, मुद्दामच तसं ठेवलंय. पण प्रयत्न कितीही करा, फाइल अडवत नाही. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन ज्या आयर्नकी या पासवर्डवाल्या पेनड्राइव्हमध्ये अडकले, तिथे दहाच संधी होत्या आणि आठ त्याने घालवल्या होत्या. त्या मानाने आपण सुखी.

बीटीसीरिकव्हर हा मोफत प्रोग्रॅम आहे. आठवणारे तुकडे एका फाइलमध्ये लिहून द्यायचे, जोड्या तो लावतो. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर चालवा, नेट बंद ठेवून. माझा जुना लॅपटॉप सेकंदाला ४० अंदाज तपासायचा. कीबोर्डवरची कुठलीही आठ अक्षरं असती तर या वेगाने पन्नास लाख वर्षं गेली असती. म्हणून सगळा खेळ तुकड्यांचा.

आपली खरी गोची स्पेलिंगची. माझा शब्द 'कृष्णामाई' होता हे नक्की, पण इंग्रजी अक्षरांत कसा लिहिला होता? 'कृ'ला आर-आय की आर-यू? 'ष'ला एस-एच की नुसता एस? शेवटी एक आय की दोन ई? इथेच आठ प्रकार झाले. हे आठवत बसू नका, त्या काळातल्या स्वतःच्या फाइलींची नावं बघा. माझ्या कृष्णेच्या घाटावरच्या फोटोंच्या सगळ्या फोल्डरांत आर-यू होतं, म्हणजे निम्मे प्रकार तिथेच गळाले. मी मात्र हे फोल्डर नंतर बघितले, शहाणपण उशिरा सुचतं.

शब्दापुढे गाडीचा नंबर. तो माझ्याच गाडीचा असणार हे धरून मी तीन आठवडे घालवले, एमएच १० लावून, न लावून, मध्ये टिंब देऊन. शेवटी नंबराच्या जागी सरळ शून्यापासून ९९९९ घातले. आठ स्पेलिंगं, पहिलं अक्षर मोठं की लहान, एमएच १० आहे की नाही, मधलं चिन्ह चारपैकी एक, असे सगळे मिळून १२ लाख ८० हजार अंदाज. म्हणजे जास्तीत जास्त नऊ तास. तुमच्याकडे एमएच ११ असेल, बाकी हिशोब तोच.

यंत्र कमी पडलं आणि कुणाची मदत घ्यावीच लागली, तरी अख्खी फाइल देऊ नका. याच प्रोग्रॅमबरोबर एक छोटी स्क्रिप्ट येते, ती कुलपाच्या किल्लीचा फक्त तुकडा काढून देते. त्यावर पासफ्रेज शोधता येतो, पैसे उचलता येत नाहीत.

हे सगळं कोअरच्या फाइलचं. काही वॉलेटं फाइलऐवजी १२ किंवा २४ शब्दांच्या यादीवरून उघडतात; तिला वरून जादा पासफ्रेज लावला असेल तर तऱ्हा वेगळी. तिथे चुकीचा दिला तरी 'चूक' येत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं आणि माणूस समजतो चोरी झाली. तिथे आपला एखादा जुना पत्ता हाताशी हवा, जुळतोय का बघायला.

रात्री जेवून लावून दिलं, पहाटे बघितलं तर सापडला होता. पैसे लगेच नव्या वॉलेटमध्ये हलवले, म्हणून तर शब्द इथे बिनधास्त लिहितोय. नंबर मात्र ओळखीचा वाटेना. चहाच्या वेळी वडिलांना सहज वाचून दाखवला. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आपल्या एम-८०चा. विकून पंधरा वर्षं झाली. मला विचारायचंस की."