कार्बन फ्रेमचा जुना रंग कसा काढावा?

प्रश्न : माझी कार्बन फायबरची रोड सायकल आठ वर्षांची आहे. फ्रेमवरच्या रंगाचे जागोजागी टवके उडाले असल्याने ती नव्याने रंगवायची आहे. मोटारसायकली रंगवणारे आमच्याकडचे कारागीर म्हणतात की पेंट रिमूव्हरने रंग लगेच सुटेल आणि उरलेला हीट गनने काढता येईल. तसे करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन्ही गोष्टी कृपया करू नका. मोटारसायकलच्या टाकीवर रिमूव्हर चालतो, कारण रंगाखालच्या पत्र्याला त्याची बाधा होत नाही. कार्बन फ्रेममध्ये मात्र धाग्यांना धरून ठेवणारे इपॉक्सी रेझिन असते. रंग फुगवून सोडवणारे रसायन रंगापाशी थांबेलच असे नाही. ते खाली झिरपले तर रेझिन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचे चिकटवलेले सांधे आतून कमकुवत होतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उष्णतेनेही रेझिन मऊ पडते. ग्राइंडर आणि वाळूचा मारा तर धागेच कापतात.

खात्रीचा मार्ग हातानेच, पाण्यात घासण्याचा आहे. सर्व सुटे भाग काढा, बेअरिंगच्या जागा आणि भोके मास्किंग टेपने बंद करा, आणि फ्रेमची नळी शिकंजात मुळीच आवळू नका. साबणाच्या पाण्यात भिजवलेला 400 नंबरचा वॉटर पेपर मऊ रबरी ठोकळ्यावर गुंडाळून हलक्या हाताने चालवा आणि पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवा. आधी दुधट पाणी येते, तो वरचा पारदर्शक थर. मग रंगाचे पाणी, त्यानंतर प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे. पाण्यात काळसर झाक दिसली की त्या जागी तत्काळ थांबा, कारण आता धागे घासले जात आहेत. मूळ रंगच काळा असेल तर ही खूण उपयोगाची नाही, तेव्हा दर काही हातांनी पुसून विणकाम दिसू लागले का ते पाहावे. कडा आणि वळणे सपाट भागापेक्षा फार लवकर उघडी पडतात. पहिल्या फ्रेमच्या वेळी मी ठोकळा बाजूला ठेवून बोटाने घासले आणि सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) कडेशी धाग्यांपर्यंत पोहोचलो, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

खरे तर सगळा रंग काढण्याची गरजच क्वचित असते. घट्ट बसलेला प्रायमर तसाच राहू द्या. टवक्यांच्या कडा उतरत्या करून 600 नंबरने पृष्ठभाग एकसारखा मंद केला की नवा रंग नीट धरतो. काम करताना एन-95 मास्क आणि हातमोजे वापरा, आणि चिखल ओल्या फडक्याने पुसून घ्या. तो वाळला की त्यातील कार्बनची धूळ उडते व कातडीला खाज सुटते.

घासून झाल्यावरही एखादी रेघ दिसत राहिली, किंवा नाण्याने हलकेच वाजवल्यावर तिथला आवाज आजूबाजूपेक्षा बद्द आला, तर रंगवण्याआधी कार्बन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला फ्रेम दाखवा.

उघडी फ्रेम उन्हात ठेवू नये, अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होते. शेवटी अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा दोन घटकांचा क्लिअर कोट हवा. त्याच्या हार्डनरमध्ये (थर कडक करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे श्वासातून गेल्यास घातक रसायन असल्याने ते काम घरी न करता स्प्रे बूथमध्ये करून घ्यावे. कारागिराला आधीच बजावून सांगा की पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत वितळवून बसवणे) नको, कारण त्याची भट्टी साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला चालते, आणि तेवढी उष्णता सहसा सायकलच्या फ्रेमला सोसत नाही.