‘असला औदुंबर’ म्हणजे कसला?

प्रश्न असा आहे: बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेत शेवटी ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ येतं. त्यातला ‘असला’ कसा घ्यायचा? आणि कविता उदास म्हणायची की शांत?

‘असला’ म्हणजे ‘अशा प्रकारचा’, औदुंबराचं विशेषण. आज हा शब्द आपण बहुधा नाक मुरडतानाच वापरतो (‘असला कसला चहा!’), म्हणून कान अडखळतो. त्यात तो ‘बसला’ला चिकटून आलाय, त्यामुळे ‘बसला असला तर...’ असं अर्धवट वाक्यही ऐकू येतं.

मग सरळ ‘असा’ का नाही? चाल मोडते. आठ-आठ मात्रांचे (ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) तीन ठेके आणि वर तीन मात्रा, अशी ओळ आहे: चार घरांचे । गाव चिमुकले । पैल टेकडी । कडे. शेवटच्या ओळीत तिसरा ठेका ‘असला औदुं’. तिथे ‘असा’ घातलं तर सातच मात्रा उरतात. (उरलेलं ‘बर’ म्हणताना र लांबवायचा, की तीन भरतात.) पण नुसती भरती म्हणाल तर मला पटणार नाही. ‘बसला असला’ या जोडीने ओळीच्या पोटातच यमक जुळतं आणि झाड तिथे ठाण मांडून बसल्यासारखं वाटतं.

ठेका धरून पाचवी ओळ म्हणून बघा: पायवाट पां । ढरी तयांतुन । अडवीतिडवी । पडे. ‘पांढरी’ शब्द ठेक्यावर मधोमध तुटतो, तोही नेमका वाट वाकडी होते तिथे. मुद्दाम केलंय की आपसूक झालंय, कोण जाणे. मला मात्र दर वेळी मजा येते.

यमकं साधीच: घेऊन–बेटातून, लाटांवर–औदुंबर. मधल्या चार ओळी कडे, पुढे, पडे, कडे. यातला पहिला ‘कडे’ टेकडीचा, शेवटचा काळ्या डोहाचा. नजर वर गावाकडे गेलेली असते, ती त्याच शब्दाने खाली पाण्यावर येते. तोवर हिरवं, निळं आणि पायवाटेचं पांढरं. काळा रंग इथे पहिल्यांदा येतो.

आता उदासीचं. 1918 मध्ये बालकवी ऐन तारुण्यात रेल्वेखाली गेले, हे ठाऊक असल्याने आपण डोहात मरण शोधतो. कवितेत काळिम्याला विशेषण आहे ‘गोड’. आणि झाड पाण्यात बुडालेलं नाही, पाय सोडून बसलंय. मी तरी शांत म्हणेन; थोडी गूढ, पण शांत.