टायरची नक्षी चांगली हाये, मंग बदलू कायले?

वाचकांचे गाडीबद्दलचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या खेपेला जवळपास सगळे प्रश्न टायरचेच आले. मे महिना सुरू आहे, लग्नसराई आहे, त्यानंतर लगेच पाऊस, म्हणून पूर्ण पान टायरलाच दिलं.

प्रश्न (दर्यापूर): भाऊ, माही गाडी २०१६ ची हाये. मी रिटायर मास्तर, गाडी फिरून फिरून किती फिरणार, महिन्यातून एक-दोन वेळा अमरावती नाही तं अकोला, बाकी दिवस अंगणात उभी. रनिंग ३० हजाराच्या आतच हाये. टायर कंपनीतून आलेलेच हायेत, नक्षी अर्ध्याच्या वर शिल्लक, पण पोरगा म्हणते बाबा टायर बदला. नक्षी चांगली हाये, मंग बदलू कायले?

उत्तर: काका, पोरगा बरोबर म्हणतो. तुमचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला कारण गावाकडच्या कितीतरी गाड्यांची हीच गत आहे. शहरातली गाडी रोज धावते, तिचा टायर घासून संपतो. आपल्याकडची गाडी धावते कमी आणि उन्हात उभी राहते जास्त, तिचा टायर वयानं संपतो, आणि वय काही नक्षीत दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

टायरच्या रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी केमिकलं कारखान्यातच मिसळलेली असतात. गाडी चालते तेव्हा टायर दबतो, सुटतो, आणि ती केमिकलं हळूहळू वर येत राहतात, त्यामुळं वरचा थर जपला जातो. उभ्या गाडीत हे होत नाही. वरून आपलं ४५ डिग्रीचं ऊन, एकाच जागी पडलेलं वजन. रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात, आधी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी, आणि मग आतल्या थरांची एकमेकांवरची पकड ढिली होत जाते जे बाहेरून कोणालाच दिसत नाही. असा टायर गावात ४० च्या स्पीडनं वर्षानुवर्षं चालून जातो. पण तोच टायर घेऊन मे महिन्याच्या दुपारी समृद्धीवर चढलं, कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून दोन तास सलग ११० नं चालवलं, खाली तापलेलं काँक्रीट, गाडीत पाच माणसं आणि लग्नाचं सामान, तर वरचा पट्टा सोलून निघू शकतो. तेव्हा स्टिअरिंग सांभाळायला वेळच मिळत नाही.

आता तारीख कशी पाहायची ते. साइडवॉलवर डीओटी अशी इंग्रजी अक्षरं शोधा, त्याच ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. १७१६ लिहिलं असेल तर २०१६ सालचा १७ वा आठवडा, म्हणजे एप्रिलचा शेवट. बरेचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला छापलेले असतात आणि ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. स्टेपनीची तारीखसुद्धा पाहा, ती कधी रस्त्याला लागलीच नाही म्हणून नवी दिसते, वय मात्र तिचंही तेवढंच.

टायर कंपन्या साधारण असं सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या, आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. कितीतरी कार कंपन्या सहाच वर्षं सांगतात. माझं मत विचाराल तर आपल्या विदर्भात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला दहाची वाट पाहूच नका, सहा-सात वर्षं झाली की बदला. तुमच्या गाडीचे टायर तर त्याच्याही पुढं गेले. पाचही बदला काका, आणि बदलेपर्यंत हायवेवर जाऊ नका.

नवीन घेतानाही तारीख पाहिल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नका. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचाही चालतो. स्वस्तात देतो म्हणून तीन वर्षं पडून असलेला माल कोणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा आणि दुसऱ्या दुकानात जा. आयएसआयचा शिक्कापण पाहून घ्या, कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे.

प्रश्न (धामणगाव): दादा, गाडी गावात एकदम मक्खन चालते पण समृद्धीवर ८५-९० च्या वर गेली की स्टिअरिंग थरथर करते. १०५ च्या वर पुन्हा कमी होते. अलाइनमेंट करून आणलं, पैसे गेले, फरक काहीच नाही. आता काय करू?

उत्तर: तुम्ही सांगितलेली लक्षणं बॅलन्सिंगची आहेत आणि तुम्ही काम करून आणलं अलाइनमेंटचं, म्हणून फरक पडला नाही. ही दोन कामं वेगळी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहते, टायर एकाच कडेला घासतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते. काही ग्रॅमचा फरक असला तरी चाक जोरात फिरताना तो दणके देतो, आणि ठराविक स्पीडलाच जास्त जाणवतो, वर गेलं की कमी होतो, अगदी तुम्ही लिहिलं तसंच. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट आणि बूड थरथरत असेल तर मागची, असा ढोबळ अंदाज धरा.

पण मशीनवर जायच्या आधी एक काम घरीच करा. चाकाची आतली बाजू पाहा. तुम्ही वावरात गाडी नेत असाल तर आपल्या पांदण रस्त्याची काळी माती रिमच्या आतल्या खोबणीत जाऊन बसते, आणि वाळली की ती दगडासारखी घट्ट होते, बाहेरून गाडी धुतली तरी निघत नाही. पावसाळ्यात तर हे हमखास. पाण्याचा प्रेशर आतून मारा, लाकडी काडीनं खरवडा, कधीकधी एवढ्यानंच थरथर जाते. त्यानं नाही गेली तर चारही चाकं बॅलन्स करून घ्या, आणि मशीनवाल्याला सांगा की आधी रिम स्वच्छ कर आणि जुनी शिशाची वजनं काढ, मग शून्यापासून मोज. चिखल लागलेल्या चाकावर वजनं चिकटवली तर चिखल निघाल्यावर बॅलन्सिंग पुन्हा बिघडणारच. मशीनवर चाक फिरताना स्वतः उभं राहून पाहा, रिम लहरत असेल तर खड्ड्यात बेंड झाली आहे, ती वजनं लावून सुधरत नाही.

थरथर फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर टायरचा विषय नाही, ब्रेकची डिस्क दाखवा. आणि पंक्चर काढायला टायर रिमवरून उतरवला असेल तर पुन्हा बॅलन्सिंग लागतेच, निदान खडूनं खूण करून टायर होता त्याच जागी बसवायला सांगा.

प्रश्न (पुसद): माझ्या गाडीला १६५/८० आर १४ टायर आहेत. मित्र म्हणतो १५ च्या रिमवर २०५/६५ टाक, गाडी जबरदस्त दिसते आणि आपल्या रोडवर उंच पण राहते. टाकू का?

उत्तर: २०५/६५ नका टाकू. आकड्यांचा अर्थ आधी समजून घ्या, मग दुकानदार काहीही म्हणाला तरी तुम्हाला स्वतःच हिशेब करता येईल. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे रिम किती इंचाची. वरची आणि खालची साइडवॉल मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवा, चाकाची पूर्ण उंची झाली ६१९.६ मिलिमीटर. आता याच पद्धतीनं २०५/६५ आर १५ काढा, ६४७.५ येते. साडेचार टक्के मोठं. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३-८४ नं चालत असेल, चाक पूर्ण वळवलं की आत घासण्याची भीती, छोट्या इंजिनला ते ओढायलाही जड, आणि ब्रेकवरही ताण वाढेल.

१८५/६५ आर १५ चं गणित करा, ६२१.५ येते, म्हणजे दोन मिलिमीटरचाच फरक. म्हणून तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १५ ची रिम देत असेल तर तोच साइज घ्या, दुसरा नाही. उंची तीन टक्क्यांच्या पलीकडे बदलू नये.

साइजच्या पुढं एक आकडा आणि अक्षर असते ते कोणी पाहत नाही, आणि आपल्या लोकांसाठी तेच महत्त्वाचं. ८८एच असेल तर ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलू शकतो आणि एच म्हणजे २१० पर्यंतचा वेग. ८२ असेल तर ४७५ किलोच. कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या खाली कधी जाऊ नका, आपल्याकडे डिक्कीत खताची पोती पण जातात आणि मागच्या सीटवर चार माणसं पण बसतात. आणि साइडवॉल जेवढी बुटकी तेवढा खड्ड्याचा मार सरळ रिमला. आपले गावाकडचे रस्ते पाहता मी स्वतः उंच साइडवॉलचाच टायर पसंत करतो.

प्रश्न (वरोरा): सध्या दोनच नवीन टायर घ्यायचं बजेट आहे. इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, मग नवीन पुढंच टाकायचे ना? मिस्टर म्हणतात पुढे.

उत्तर: नाही ताई, मागं टाका. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते, पाय उचलला, स्टिअरिंग धरून ठेवलं तर बहुतेक वेळा ती आवरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि ती रोज गाडी चालवणाऱ्यालाही आवरत नाही. म्हणून चांगली नक्षी मागं, आणि मागचे बरे दोन पुढं घ्या. पण ते जुने दोन खरंच बरे हवेत. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, साइडवॉलवरचा छोटा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो, नक्षी त्या पट्टीला टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, तिथं टायर संपला. पावसाळ्यासाठी मी तर ३ मिलिमीटरलाच बदला म्हणेन.

प्रश्न (मेहकर): तुरीच्या धसकटानं टायर साइडनं फाटला, ट्यूबलेस हाये. पंक्चरवाला म्हणते आतून ट्यूब टाकून देतो, टायर वाया जात नाही. टाकू का?

उत्तर: नका टाकू भाऊ. साइडवॉलच्या आतच वजन पेलणारे दोरे असतात, ते तुटले की ट्यूब फक्त हवा धरते, ताकद देत नाही. शिवाय ट्यूबलेसचं आतलं रबर ट्यूबशी घासते, आत उष्णता वाढते, आणि ट्यूब फुटली की हवा एका क्षणात जाते, ट्यूबलेससारखी हळूहळू नाही. तो टायर गेला असं समजा. मधल्या नक्षीतलं बाभळीच्या काट्याचं किंवा खिळ्याचं भोक, ६ मिलिमीटरपर्यंतचं, दुरुस्त होते. वातीचं पंक्चर घरी पोचायला ठीक आहे, पण हायवेवर जाणार असाल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या, आतून पाहिल्यावर आणखी काही कापलं असेल तर तेही कळते.

प्रश्न (हिंगणघाट): उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून पाच पौंड कमी ठेवायची ना? आणि नायट्रोजन भरावा का?

उत्तर: कमी अजिबात ठेवू नका, उन्हाळ्यात टायर फुटायचं मोठं कारणच कमी हवा आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानंच आतून तापते. दाराच्या चौकटीवर स्टिकर असते, त्यावर लिहिलेली हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजून भरा. धावल्यावर ३० ची ३४ झाली तर ते गृहीत धरलेलंच आहे, पेट्रोल पंपावर तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो वापरा. नायट्रोजनबद्दल एवढंच की साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, फुकट मिळाला तर भरा, त्यासाठी तालुक्याला चक्कर नको.

प्रश्न (कारंजा): नवीन टायरवर पिवळा आणि लाल ठिपका आहे, बाण पण आहे. दुकानात बसवताना काय पाहू?

उत्तर: पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी जागा, ती व्हॉल्व्हसमोर यायला पाहिजे, मग वजनं कमी लागतात. लाल ठिपका वेगळा, तो टायर जिथं थोडा उंच असतो ती जागा, आणि रिमवर तशी खूण असेल तरच त्याला जुळवतात. बाण असेल तर चाक पुढं जाताना ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला बाण हवा, आणि आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर. रबरी व्हॉल्व्ह टायरसोबतच नवा घ्या, स्वस्त असतो. टायर चढवताना साबणाचं पाणी किंवा त्याची पेस्ट वापरतात, कोणी ग्रीस किंवा डिझेल लावत असेल तर थांबवा, रबर खराब होते.

नट आधी हातानं फिरवून बसवायला लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं कसायचे, आणि शेवटचा कस टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं. नुसत्या हवेच्या गननं ठोकून दिलं की रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्या पान्यानं तो नट हलतच नाही. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट एकदा पुन्हा तपासा. नवीन टायरवर साच्यातला चिकट थर असतो, पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा, पाऊस पडत असेल तर जास्तच.