बिदरला जाताय? आधी कारखाना बघा, मग दुकान

प्रश्न: डिसेंबरात दोन दिवस बिदरला जायचं चाललंय, सोबत सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. मला बिदरी कामाची सुरई घ्यायचीय पण खरं-खोटं कळत नाही, मागे एका प्रदर्शनात घेतलेल्या डबीचा काळा रंग सहा महिन्यांत पोपडे धरून निघाला. आधी किल्ला बघावा की बाजार? – एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, तुमची डबी बहुतेक रंगवलेली होती, कारण खऱ्या बिदरीचा, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार बसवून केलेल्या कामाचा, काळा हा वरून लावलेला रंग नसतोच, तो धातूचाच असतो, त्यामुळे तो मळेल, फिका पडेल पण पोपडे धरणार नाही. हे नीट कळायला एकच उपाय सांगते, दुकानात शिरायच्या आधी चौबाऱ्याच्या, म्हणजे जुन्या गावातल्या गोल मनोऱ्याच्या, आसपासच्या गल्ल्यांत एखाद्या कारागिराकडे तासभर बसा. बारीक ठोकठोक ऐकू आली की थांबायचं आणि "बघू का जरा" म्हणून विचारायचं, तिथे हिंदी चालते, मराठीही बऱ्याच जणांना येते, १९५६ पर्यंत बिदर आपल्या मराठवाड्यासोबत हैदराबाद संस्थानात-राज्यातच होतं ना.

मी बसले होते तेव्हा एक जण फुलदाणीवर वेल कोरत होता. भांडं ओतीव असतं, भरपूर जस्त आणि थोडंसं तांबं, पारंपरिक हिशेब १६ भागांना १ भाग. कानशीने गुळगुळीत करून त्यावर मोरचूद लावतात म्हणजे तेवढ्यापुरता काळपटपणा येतो आणि कोरलेली रेघ दिसते, मग त्या खाचेत चांदीची तार बसवून हलक्या हाताने ठोकायची. त्याच्यासमोर छापील नक्षी नव्हती, वेल सरळ हातातून उतरत होती. नंतर पुन्हा घासतात आणि तेव्हा सगळं भांडं एकसारखं पांढुरकं होऊन नक्षी जवळपास गायबच होते, मी तर मनात म्हटलं एवढी मेहनत गेली कुठे. मग भांडं थोडं तापवलं, नवसागर आणि माती कालवून चोळली आणि बघता बघता धातू काळाकुळकुळीत झाला, चांदी मात्र तशीच पांढरीशुभ्र. ही माती किल्ल्यातल्या जुन्या जागेची, जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही अशी, आणि ती चांगली आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. शेवटी तेलाचा हात फिरवला की झालं.

हे एकदा बघितलं की सुरई हातात घेताच तुम्हाला कळेल. ती जड लागली पाहिजे, नक्षीच्या कडेला काळा ओघळलेला नसावा, तार बसलीय की नुसतं रंगवलंय ते नखाला जाणवतं. चांदी किती वापरलीय ते स्पष्ट विचारा, किंमत त्यावर आणि कामाच्या बारकाईवर ठरते. बिदरी कामाला २००६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. आणि प्लीज, तासभर काम बघून झाल्यावर त्याच माणसाशी घासाघीस करू नका, मला ते फार लागतं. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काही लावायचं नाही, मऊ कोरडं फडकं पुरे.

किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी. अफाट पसरलेला आहे, सासूबाईंना सगळा दाखवायच्या भानगडीत पडू नका, सोळा खांबी मशीद आणि रंगीन महाल एवढं बास. रंगीन महाल बऱ्याचदा कुलपात असतो, तिथल्या पुरातत्व खात्याच्या माणसांना विनंती करून बघा. आत काळ्या दगडात शिंपले बसवून केलेली नक्षी आहे, आदल्या दिवशी तार ठोकताना बघितली असेल तर त्या भिंतीपुढून तुमचा पाय निघणार नाही, तेच काळ्यावरचं पांढरं, फक्त दगडात.

बहमनी सुलतानांचा वजीर महमूद गवान, त्याचा मदरसा १४७२ चा, रस्त्याला लागूनच आहे. औरंगजेबाच्या काळात बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग पडला, पण उरलेल्या मिनारावरच्या निळ्या-हिरव्या फरशा खालून उभं राहूनही मस्त दिसतात, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही.

बिदरजवळचं अष्टूर गाव मात्र चुकवू नका. बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणणाऱ्या अहमदशहाची कबर तिथे आहे, उरुसाला लिंगायत आणि मुसलमान दोघंही येतात. बाहेरून साधा घुमट वाटतो, आत गेल्यावर आधी नुसता अंधार, दोन मिनिटं डोळे सरावू द्या, मग छतावरचा लाल आणि सोनेरी रंग हळूहळू वर येतो. सासूबाईंना पायरीवर जरा टेकू द्या आणि चांगला टॉर्च सोबत ठेवा, मोबाईलचा उजेड त्या घुमटापर्यंत पोचत नाही.