मादीचं पोट भरलंय, पण तळ्यात अंडी का नाहीत?

प्रश्न (गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील मत्स्यशेतकरी): तळ्यात रोहू-कटला मोठे झाले आहेत. मिरगाचा पाऊस पडला की माद्यांची पोटं फुगतात, पण अंडी घालत नाहीत. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) काळुंदर मासळी मात्र आपसूक पिल्लं देते. शेजाऱ्याची गाय माजावर यावी म्हणून डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन उरलंय. ते मेंदूच्या संप्रेरकाचंच आहे म्हणे. माशांना टोचू का?

उत्तर: टोचू नका. पण तुमचा तर्क चुकीचा नाही. गाय, कोंबडी, मासा, माणूस, सगळ्यांच्या प्रजननाची सुरुवात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधूनच होते. तिथून जीएनआरएच नावाचं, दहा अमिनो आम्लांचं छोटंसं संप्रेरक पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला हुकूम देतं. मग ती ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते आणि अंडाशय कामाला लागतं. गायीत हा हुकूम बारीक रक्तवाहिन्यांतून जातो, माशात मज्जातंतू थेट पियूषिकेत शिरतात, हा एक फरक.

उन्हाळाभर तुमच्या रोहूचं यकृत बलकाचा कच्चा माल तयार करतं आणि अंडी भरत जातात. पोट फुगतं ते त्यामुळे. अंडी सुटायला मात्र एलएचची एकदम मोठी लाट लागते. नदीला पूर आला, पाणी वाहू लागलं की मेंदू ती लाट सोडायला लावतो. साचलेल्या तळ्यात ती येत नाही, कारण त्याच मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन एलएचला अडवून धरतं. मानशीचं (खाजनाच्या बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार लागलेलं असलं की नदीला कितीही भरती येवो, पाणी खाजनात शिरत नाही, तसंच हे. गायीच्या इंजेक्शनने भरती वाढेल, दार उघडणार नाही.

कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीला दोन्ही एकत्र द्यावं लागतं: जीएनआरएचसारखं औषध आणि डोपामाइनला रोखणारं डॉमपेरिडोन. बाजारात मिळणारं माशांचं तयार इंजेक्शन याच जोडीचं असतं. (उलटीवरच्या डॉमपेरिडोनच्या गोळ्या कुटून घालायचा प्रयोग कृपया कुणी करू नका.) त्याआधी आपल्याकडे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियूषिकेचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन साधलं होतं. अर्कात एलएच आयतं असल्याने मेंदूच्या परवानगीची गरजच उरत नाही.

काळुंदर पुराची वाट पाहत नाही. जोडी जमते, दगडा-कौलाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघंही राखण करतात. चोणक या माशाच्या हॅचरीतही सहसा डॉमपेरिडोन लागत नाही, कारण त्याच्यात डोपामाइनचा अडसर जवळपास नसतोच.

आता मुद्द्याचं. इंजेक्शन अंडी पिकवत नाही, पिकलेली सोडवतं. पिकवायचं काम तुमचं, आणि ते जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवं: जनक मासे वेगळ्या तळ्यात, विरळ, वजनाच्या २ ते ३ टक्के प्रथिनयुक्त खाद्य, अधूनमधून ताजं पाणी. जूनमध्ये मादी ओल्या फडक्यात धरून बघा. पोट मऊ हवं, गुदद्वार सुजलेलं, गुलाबी-लालसर. नराच्या छातीचा पर आतून खरखरीत लागतो आणि पोटावर हलकं दाबलं की दुधासारखं वीर्य येतं. फार हाताळू नका. घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि प्रजननच खोळंबतं.

माशांच्या तयार इंजेक्शनचा डोस संध्याकाळी, नर-मादी दोघांना एकदाच: रोहूच्या मादीला किलोमागे ०.३ ते ०.४ मिली, कटल्याच्या मादीला ०.४ ते ०.५, नरांना ०.१ ते ०.२. पहिल्या वेळी मत्स्य खात्याच्या माणसाला सोबत घ्या. हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) सोडल्यावर बहुधा पहाटे-सकाळपर्यंत अंडी मिळतात.

पोट मोठं पण कडक लागलं, तर डोस वाढवू नका. मादी परत तळ्यात सोडा, खाद्य चालू ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा.