ओठावर पुटकुळ्या : क्रीम कधी लावायचं, कसं लावायचं

प्रश्न : डॉक्टर, मला वर्षातून तीन-चारदा खालच्या ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुपका उठतो, आधी एक दिवस तिथे नुसती चुणचुण होते. यावेळी पुटकुळ्या फुटल्यावर असायक्लोव्हिरचं क्रीम आणलं, बोटाने चांगलं चोळून लावलं, तीन दिवसांत काहीच फरक नाही म्हणून सोडून दिलं. बहिणीलाही असंच उठतं, तिने माझीच ट्यूब वापरली. आता तिला बाळ झालंय, दोन आठवड्यांचं आहे, मला अजून खपली आहे तर बाळाला घेतलं तर चालेल का?

उत्तर : आधी बाळाचं सांगते कारण ते थांबण्यासारखं नाही. खपली पूर्ण पडून खालची कातडी नीट होईपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही, गालाचा नाही, हाताचाही नाही. शक्य असेल तर तोवर बाळाला घेऊच नका, आणि घ्यावंच लागलं तर हात साबणाने धुऊन, मास्क लावून. या पुटकुळ्या हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या व्हायरसमुळे उठतात. मोठ्या माणसाला तो त्रासदायक असतो एवढंच, जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो असतोच, पण पहिल्या महिन्यातल्या बाळात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतं. बहिणीलाही हाच नियम, तिच्या ओठावर काही उठलं असेल तरी अंगावर दूध पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर पुटकुळ्या असतील तर त्या बाजूने पाजू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावं. बाळ दूध पीत नाहीये, सुस्त पडलंय, ताप आहे किंवा अंगावर पुटकुळी दिसली तर सकाळची वाट बघू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.

आता क्रीम. तुम्हाला फरक पडला नाही त्याचं मोठं कारण म्हणजे उशीर. हे औषध व्हायरस शिरलेल्या पेशीत गेल्यावर व्हायरसच्याच एन्झाइममुळे चालू होतं आणि त्याला स्वतःच्या नकला काढू देत नाही. म्हणजे नकला काढण्याचं काम जोरात चालू असतं तेव्हाच त्याचा उपयोग, आणि ती वेळ म्हणजे तुम्ही म्हणता ती चुणचुण, पुटकुळी दिसायच्या आधीची. फुटून खपली धरायला लागल्यावर व्हायरसचं बरंचसं काम उरकलेलं असतं. वेळेत लावलं तरी जादू होत नाही हेही सांगून ठेवते, एरवी सात ते दहा दिवस लागतात त्यातला साधारण अर्धा ते एक दिवस वाचतो. म्हणून ज्यांना सारखं होतं त्यांनी ट्यूब आधीच आणून ठेवावी, एक्स्पायरी बघून.

लावायचं कसं, तर असायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम दिवसातून पाच वेळा, जागे असताना साधारण चार-चार तासांनी, रात्री उठायची गरज नाही, आणि पाच दिवस. तुम्ही तिसऱ्या दिवशी सोडलंत ते चुकलं. पेन्सिक्लोव्हिर हे याच कामाचं दुसरं क्रीम असेल तर वेळापत्रक वेगळं, जागे असताना दर दोन तासांनी चार दिवस, त्यामुळे ट्यूबवरचं नाव वाचा. आधी हात धुवा, थोडंसंच क्रीम कापसाच्या काडीवर घेऊन हलकेच टेकवा, चोळू नका कारण चोळल्याने पुटकुळ्या फुटतात आणि पाणी आजूबाजूला पसरतं. नंतर परत हात धुवा. हे दुसरं धुणं लोक विसरतात आणि तेच बोट डोळ्याला लावतात, लेन्स घालणारे तर नक्कीच. हा व्हायरस डोळ्याच्या बुबुळावर गेला तर नजरेला कायमचा धोका होतो. लावल्यावर जरा जळजळ, कोरडेपणा चालतो, पण सूज आली किंवा खूप खाज सुटली तर बंद करा. आणि ट्यूब प्रत्येकाची वेगळी, तुमची ती टाकून द्या.

प्रश्न : तोंड येतं तेव्हा आतून हेच क्रीम लावलं तर?

उत्तर : नको. तोंड येणं म्हणजे गालाच्या किंवा ओठाच्या आत पांढरट फोड येतात ते, ते बहुतेक वेळा या व्हायरसमुळे नसतातच, आणि हे क्रीम तोंडाच्या आत, डोळ्यांत किंवा गुप्तांगाला लावायचं नाही. ओठांचे कोपरे चिरतात तेही बऱ्याचदा फंगसचं काम असतं. घरात पडलेलं स्टिरॉइडचं क्रीम स्वतःच्या मनाने ओठावर लावणं तर अगदी चूक.

प्रश्न : परत येऊच नये म्हणून रोज लावत राहू का?

उत्तर : त्याने थांबणार नाही. व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो, तिथवर क्रीम पोचत नाही. तो जागा होतो ताप, जागरण, ताण, पाळी आणि कडक ऊन यांनी, त्यामुळे उन्हामुळे उठत असेल तर एसपीएफ ३० चा लिप बाम लावून बाहेर पडा, याचा खरंच फायदा होतो. वर्षातून सहा-सात वेळा होत असेल तर डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला, गोळ्या क्रीमपेक्षा जास्त काम करतात. दहा दिवसांत बरं झालं नाही, डोळा लाल होऊन दुखायला लागला, एक्झिमावर पुटकुळ्या पसरल्या, किंवा केमोसारखे उपचार चालू आहेत, तर मात्र क्रीमवर थांबू नका, दाखवाच. गरोदर असाल तर लावण्याआधी विचारून घ्या.